मनगटाखालची उशी

मी एक जुनी उशी आहे. मित्रांनो, लगेच डोकं टेकवायला येऊ नका; मी जेमतेम तळहाताएवढी. चीनमधल्या एका म्हाताऱ्या वैद्याच्या सुनेनं मला निळ्या कापडात शिवलं आणि आत भाताचा कोंडा भरला. रोग्यानं माझ्यावर मनगट ठेवायचं आणि वैद्यानं तीन बोटांनी नाडी पाहायची, एवढंच माझं काम. त्या गावात दवाखाना चालवणाऱ्या गोऱ्या मिसबाई वैद्याकडे नाडी शिकल्या. त्यांना तो देश सोडावा लागला, तेव्हा वैद्यानं मला त्यांच्या हाती सोपवलं.

अशी मी विसरवाडीजवळच्या मिशन दवाखान्यात आले. तिथं रक्तदाब मोजायचं पाऱ्याचं यंत्र होतं. मिसबाई नाडी आवडीनं पाहत, पण औषध यंत्र बघूनच देत. त्या यंत्राचा मला भारी हेवा वाटे.

१९५७ साली होळ्या नावाचा शेतकरी आपल्या बायकोला, सुसानाला, बैलगाडीतून घेऊन आला. तिचं तोंड आणि पाय सुजले होते, डोकं ठणकत होतं. मिसबाईंनी तिची लघवी नळीत उकळली, तर ती दह्यासारखी गोठली. यंत्रातला पारा खाली यायचं नाव घेईना. मूत्रपिंडं बिघडून रक्तदाब भयंकर वाढला होता. लेकीचं, बेबीचं, लग्न तरी बघायला मिळेल का, एवढंच सुसानानं विचारलं. मिसबाईंनी सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या आणि मीठ बंद करायला सांगितलं. होळ्यानं मान डोलावली, पण त्याला काही पटलेलं दिसेना. भाकरीसोबत मीठ-मिरची, दुसरं होतंच काय त्यांच्या ताटात? आजारी बाईचं तेही काढून घ्यायचं म्हणजे त्याला दुष्टपणाच वाटला असेल.

मग मिसबाईंनी सुसानाचा हात माझ्यावर ठेवला आणि होळ्याची बोटं तिच्या नाडीवर टेकवली. चिनी वैद्य अशा नाडीला धनुष्याची ताणलेली दोरी म्हणतात, असं त्या म्हणाल्या. होळ्या पक्का तिरंदाज.

"मी घर उनू का दोरी उतारी ठेवस," तो म्हणाला. "ताणेल ठेवी ते धनुष मोडी जास. हिनी दोरी मीठनी ताणी शे का?"

"हो," मिसबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून होळ्याच्या घरात कुणाच्याच ताटात मीठ आलं नाही. सुसानाची सूज ओसरली, ती हिंडूफिरू लागली. रोग मात्र गेला नव्हता, आणि मिसबाईंनी ते लपवलं नाही. मी नामांकित वैद्यांची बोटं पाहिली आहेत मित्रांनो, पण असं पथ्य पाळणारा माणूस दुसरा पाहिला नाही.

दोन वर्षांनी बेबीचं लग्न ठरलं. होळ्यानं सगळा स्वयंपाक अळणी करायला सांगितला, तेव्हा त्याचा थोरला भाऊ रामसिंग भडकला. अळणी जेवण वाढून पाहुण्यांत नाक कापून घ्यायचं का, असं त्यानं विचारलं.

"मीठ पानवर वाढसूत," होळ्या म्हणाला. "पण हांडी एकच ऱ्हाई."

मिसबाईंच्या पिशवीतून मीही लग्नाला गेले होते. सुसाना पंगतीत बसून सगळ्यांच्या हंडीतलं जेवली. मीठ वाढणारा आला, तेव्हा शेजारी बसलेल्या रामसिंगनं आपल्या पानावर हात आडवा धरला. माझं कापड त्या दिवशी अभिमानानं फाटायचंच बाकी होतं.

सुसाना पुढच्या उन्हाळ्यात गेली. आता मी कपाटात पडून असते, कोंड्याचा भुगा झालाय. मला जपा, असं मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला पथ्य सांगितलं असेल, तर त्याची हंडी वेगळी चढवू नका. त्याच्या हंडीतलं तुम्ही जेवा.