गेक निओचा बत्ता

मलेशियात, मलाक्क्यातल्या त्या जुन्या चिनी गल्लीत सून कानांनी पसंत करत. मुलगी मागच्या स्वयंपाकघरात मसाला कुटायची आणि होणारी सासू पुढच्या दिवाणखान्यात बसून बत्त्याचे ठोके ऐकायची. गेक निओने स्वी लिअन अशीच ऐकून घरात आणली आणि त्यानंतरची सगळी वर्षं त्याच ठोक्यांना नावं ठेवण्यात घालवली. "आळशी ठोका आहे तुझा. माहेरी उशा कुटायचीस काय?"

मग गेक निओच्या बोटांची पेरं सुजली. सकाळी मूठ वळेना.

"संधिवात आहे, आजी, पण म्हातारपणाचा नाही," डॉक्टर म्हणाले. "शरीराचे राखणदारच सांध्यांवर उलटलेत."

"घरातलेच उलटलेत म्हणा की."

संशय कोणावर, ते डॉक्टरांनी विचारलं नाही.

सुनेला हे कळून चालणार नव्हतं. रोजचा मसाला सून कुटो, पितरांच्या नैवेद्याचा कुटते ती घरची मालकीण. कोठीच्या किल्ल्या तिच्याच चांदीच्या कमरपट्ट्याला. बत्ता सुटला की किल्ल्या सुटल्या. सुनेने मागे मिक्सर आणला होता, तो "पितरांना यंत्राचा वास येतो" म्हणून गेक निओनेच परत पाठवला होता.

नैवेद्याच्या सकाळी तिने स्वयंपाकघराला आतून कडी घातली आणि मुलाला, बून टेकला, खलापुढे बसवलं.

"आई, मी बँकेत मॅनेजर आहे."

"आज बँक बंद आहे. कूट."

तो मिरच्या आणि गवती चहा कुटू लागला. बाहेर कांदे सोलणारी स्वी लिअन थबकली. टोमणे खाऊन खाऊन तिचा कान चांगला तयार झाला होता.

"आई," ती दाराबाहेरून म्हणाली, "ठोका आळशी आहे. माझ्या नवऱ्यासारखा."

बत्ता थांबला. तेवढी कबुली पुरे होती.

गेक निओने कोपराने कडी सरकवली. स्वी लिअनने सासूची बोटं पाहिली. हळहळली वगैरे नाही.

"कधीपासून?"

"तुला काय करायचंय?"

"किल्ल्या द्या."

"मला काढता येत नाहीत."

सुनेने कमरपट्ट्याचा आकडा सोडवला, जरा जास्तच हिसका देऊन, आणि सासूला दिवाणखान्यात नेऊन बसवलं.

आतून ठोके येऊ लागले. भरदार, एकसारखे. खोट काढायला जागा नव्हती. गेक निओने सुजलेले हात मांडीवर ठेवून बराच वेळ ऐकलं.

"घाई करतेस," ती अखेर म्हणाली.

ठोके थांबले.

"तिथवर ऐकू येतंय ना? मग बसा तिथेच."