नावेतली दुसरी

जुन्या चिनी मातीच्या वस्तूंची पारख करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे भिंगवालेच म्हणत. खिशात पेन नसेल एक वेळ, पण भिंग नाही असं व्हायचं नाही.

त्या सकाळी एक तरुण आपल्या आत्याला घेऊन दुकानात आला. त्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली एक मोठी प्लेट होती. पांढऱ्या मातीवर गर्द निळी छपाई, काठाला फुलांची वेल. मधे नदी, पूल, झुकलेली झाडं आणि एक नाव.

"बाबांनी फार पूर्वी लिलावात घेतली होती," तो म्हणाला. "अस्सल इंग्लिश आहे म्हणायचे. बाबा गेले. आता आम्ही लहान घरात जातोय, तर विकावी की ठेवावी ते ठरवायचंय."

आत्या खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घेतली आणि भिंगवाल्यांच्या हातांकडे बघत राहिली.

त्यांनी प्लेट उलटी केली. बुडाच्या कडेशी झिलई साचून किंचित निळसर झाली होती. भट्टीत टेकवल्याच्या बारीक खुणाही जागच्या जागी होत्या. मग त्यांनी काठावरून बोट फिरवलं आणि एके ठिकाणी थांबले.

"हे बघा. इथे वेलीचं फूल अर्धंच आहे. छाप आधी पातळ कागदावर घ्यायचे आणि तो कागद हाताने प्लेटवर चिकटवायचे. टोकाला टोक जुळलं नाही की असं व्हायचं. ज्या बाईने हा कागद लावला, तिची त्या दिवशी घाई झाली असणार." ते स्वतःशीच हसले. "असं काही दिसलं की मला फार बरं वाटतं."

"म्हणजे अस्सल?"

"शंभर नंबरी."

तरुणाचा चेहरा खुलला. भिंगवाल्यांनी सवयीने प्लेटला नखाने टिचकी मारली. खणखणीत आवाज यायला हवा होता, आला तो बसका. त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी भिंग लावून पुढचा भाग पाहिला, मागचा पाहिला. तडा काही दिसेना. शेवटी प्लेट खिडकीशी नेऊन तिरकी धरली, तेव्हा नदीच्या एका तुकड्यावरची चकाकी जराशी मंद दिसली. अगदी जराशी.

आणि मग त्यांना नाव दिसली. हेच चित्र त्यांनी दुसऱ्या प्लेटांवर कितीतरी वेळा पाहिलं होतं. नावेत एकटा नावाडी असायचा. इथे त्याच्यासमोर एक बाई बसली होती, डोक्यावर टोपी, एक हात पाण्यात सोडलेला.

"ही कोण?" ते पुटपुटले.

"सापडली का?" आत्या म्हणाली. इतका वेळ दाबून धरलेलं हसू तिच्या चेहऱ्यावर पसरलं.

"आत्या, तुला माहीत होतं?"

"तू पाळण्यात होतास रे. खिळा निखळला आणि प्लेट खाली आली. दादा नुसता हळहळत बसला. तुकडे मी जुळवले, पण नावेच्या जागेचा पार भुगा झाला होता. सांध्यांत आणि तिथे लांबी भरली, घासली आणि रंगवली."

"कशाने रंगवलीत?" भिंगवाल्यांचा आवाज एकदम हळू झाला होता.

"घड्याळाच्या कारखान्यात तबकड्यांवर आकडे काढायचे मी. तिथला ब्रश. छपाईत बारीक बारीक ठिपके असतात ना, तसेच एकेक देत गेले."

"आणि बाई?"

"नावाडी एकटाच कुठे निघालाय, असं वाटलं. बसवली सोबतीला. दादाला सांगितलं होतं, तोही खूप हसला. पण पाहुण्यांपैकी कोणाच्या नजरेला म्हणून आली नाही. मी वाटच बघत होते."

तरुणाचा चेहरा उतरला. "म्हणजे आता हिला भाव नाही."

"संग्राहक कमीच देईल, खोटं कशाला सांगू," भिंगवाले म्हणाले. "पण या चित्राच्या प्लेटा आणखी मिळतील. ही बाई बसलेली दुसरी मिळणार नाही. माझा जन्म गेला यात, आणि आज टिचकी मारली नसती तर फसलो असतो. काय हात आहे हो तुमचा!"

आत्याने मान वळवली, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तरुणाने प्लेट हातात घेतली आणि नाव डोळ्यांशी नेली. बराच वेळ बघत राहिला.

"हिने हात पाण्यात सोडलाय," तो म्हणाला. "नाही विकायची. नव्या घरात एखादी भिंत राखून ठेवू हिच्यासाठी."

भिंगवाले तोवर कपाटाशी पोचले होते. त्यांनी एक खोका आणला. आत चिनी मातीच्या एका निळ्या जगचे तुकडे होते. त्याच्या चोचीचा टवका कुठेच सापडला नव्हता.

"कोणाच्या हाती द्यायचा धीर होत नव्हता," ते म्हणाले. "बघता का?"

आत्याने पर्स बाजूला ठेवली, खुर्ची खिडकीकडे ओढली आणि एक तुकडा उजेडात धरला.

"तू हो पुढे," ती भाच्याला म्हणाली. "मला वेळ लागेल."