सेतुबालच्या धक्क्यावरचा भोंगा

मी भोंगा बोलतोय. लिस्बनजवळच्या सेतुबाल बंदरात सार्डिन मासे डब्यात भरायचा एक कारखाना होता, त्याच्या छपरावर मी अजून उभा आहे.

कारखान्यासाठी ही जागा बाल्ताझार मालकांनी निवडली. समोरच्या धक्क्यावर मासळी उतरायची, जवळच मिठागरं होती आणि मागच्या चढावर कामाला येतील अशा बायकांची घरं. मला आधी इथे वाजवून पाहिलं. शेवटच्या घरापर्यंत आवाज पोचला, तेव्हा कुठे पाया खणला.

होड्यांना वेळकाळ नसे. होडी आली की मी वाजायचो आणि बायका ॲप्रन बांधत धावत उतरायच्या. इतर कारखान्यांचेही भोंगे होते, पण माझा आवाज त्या झोपेतही ओळखायच्या. देओलिंदा तर स्वतःच्या लग्नाच्या जेवणावरून उठून आली होती. म्हणाली, "नवरा कुठे पळून जातोय? मासळी मात्र नासेल."

पुढे समुद्रातली सार्डिन कमी झाली. मोरोक्कोहून गोठवलेली मासळी ट्रकने येऊ लागली. मालकांचा नातू एव्हारिश्तु याने दूर महामार्गालगत स्वस्तात जमीन घेतली. बायकांना बोलावून त्याने सांगितलं, की आता बंदराजवळ राहण्यात काही फायदा नाही.

देओलिंदाचे केस तोवर पिकले होते. तिने विचारलं, "तिथून भोंगा आम्हाला ऐकू कसा येणार, बाळा?"

"मावशी, तिथे भोंगा लागतच नाही. ट्रक ठरल्या वेळी येतात."

"आणि आम्ही? आम्ही लागतो का?"

"बस पाठवतो," तो म्हणाला.

काही दिवस बायकांना न्यायला बस आली. मग तिकडे यंत्रं बसली आणि बस बंद झाली. गल्लीतली पोरं लिस्बनला, फ्रान्सला गेली. माझी वाफेची नळी कापून नेली. तेव्हापासून माझ्याकडे मान वर करून कुणी पाहिलं नाही.

आता हॉटेलवाले आलेत. खिडकीतून समुद्र दिसतो, म्हणून त्यांना हीच जागा हवी. पाहुण्यांना गंमत म्हणून नवी नळी जोडून मला रोज वाजवायचं म्हणतात.

माझं एवढं ऐका. हवं तर मला भंगारात घाला, पण वाजवू नका. चढावर देओलिंदा अजून राहते, आता तिला नीट दिसत नाही. ती उठेल, चाचपडत ॲप्रन शोधेल आणि एकटीच उतरायला लागेल.