मँगोच्या खोक्यातलं पहिलीचं पुस्तक

सुमनबाईंच्या वडिलांचं पुस्तक मी बर्फात घातलं. एवढं ऐकूनच लोक हसतात. मी मात्र त्या चार तासांत इतका घाबरलो होतो की काळीज उडून गाडीच्या टपाला लागत होतं. टपाला पोचे पडलेत, येऊन बघा.

आमचं नांदेडचं इतिहास मंडळ म्हणजे सहा निवृत्त माणसं, दोन लोखंडी कपाटं आणि अध्यक्ष गुरुबसप्पा सर. तीन वर्षं झाली, आम्ही निजामाच्या वेळची शाळेची पुस्तकं गोळा करून राहिलो. पहिलीची पुस्तकं, अंकलिप्या, उजळण्या. निम्म्यांना कसर लागलेली. ती मारायचा उपाय सरांनी कुठूनसा हुडकला. पुस्तक कागदात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करायचं, पंधरा दिवस कडक बर्फात ठेवायचं. बाहेर काढल्यावरही एक दिवस पिशवी उघडायची नाही. गार पुस्तकाला हवा लागली की त्याला घाम फुटतो.

बर्फ आणायचा कुठून? अमरेश माझा जुना विद्यार्थी, त्याचा आईस्क्रीमचा कारखाना. त्यानं शीतपेटीतला एक कोपरा दिला. तपासणीला येणाऱ्या साहेबाला पुस्तकं दिसू नयेत म्हणून मी शहाणपणा केला. सातही पुस्तकं मँगोच्या रिकाम्या खोक्यात भरली, वरून चिकटपट्टी मारली आणि कुणाला बोललो नाही.

त्यातलं एक सुमनबाईंचं. त्या शिरूर अनंतपाळच्या. त्यांचे वडील ग्यानोबा शाळेच्या ओसरीवर, दाराबाहेर बसून शिकले. त्यांचा एकही फोटो नाही. पुस्तकाच्या पहिल्या पानावर काजळीच्या घरगुती शाईनं त्यांनी लिहिलेलं ‘ग्यानोबा’, एवढंच त्यांच्या हातचं उरलेलं. ती शाई पाण्याच्या थेंबानंही पसरते. पुस्तक देताना बाई म्हणाल्या होत्या, “गुरुजी, थापा बाहेर मारा. हितं नीट सांभाळा.”

पंधरावा दिवस उजाडला. दहा वाजता कारखान्यात गेलो तर कोपरा रिकामा.

“साखराबाई, इथलं मँगोचं खोकं?” मी कामावरच्या बाईंना विचारलं.

“मँगो समदाच गेला की लातूरपल्याड मुरुडला. मालकाच्या भाचीचं लगीन हाय न्हवं? पहाटंच सिद्धराम गाडी भरून घेऊन गेला.”

 अमरेशला फोन लावला. तो नवरीचा मामा, बँडबाजाच्या गलक्यात त्याला काय ऐकू येणार? मग गाडीवाल्या सिद्धरामला लावला.

“सिद्धराम, मँगोच्या एका खोक्यात पुस्तकं हायत. उघडू नको.”

“बोला, बोला गुरुजी. परवा म्हणले, तुमची म्हैस पाढे म्हणती. आज पुस्तकाचं आईस्क्रीम!”

“अरे, खरंच सांगतो.”

“खरंच? आत्ताच आचाऱ्यानं एका पिशवीचा कोपरा कापला. आत कागदात गुंडाळलेली वडी निघाली. हे काय सोंग हाय म्हणून तो बघून राहिला. कात्री घे रे, पुरी फाड पिशवी!”

“सिद्धराम!” मी ओरडलो. खरं सांगायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायची मला सवयही नव्हती. “त्यात कुत्रं चावल्याची सरकारी लस हाय! हात लावू नका!”

पलीकडं कात्री पडल्याचा आवाज, मग “सरका, सरका!” अशी आरडाओरड, आणि फोन बंद.

सरांच्या गाडीतून निघालो. लातूर मागं पडलं. मी मनातल्या मनात मोजून राहिलो: कोपरा दहाला कापला, आता अकरा, आता साडेबारा. कापलेली पिशवी कुणाची? सातातली एक. बाकी सहा आमची, तिथं चालून जाईल. पण सुमनबाईंची निघाली तर?

“शेषेराव,” सर म्हणाले, “त्यानं निदान कोपरा बांधला असेल ना?”

तोवर हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पुस्तक आहे असं त्याला पटलं असतं, तर त्यानं चिकटपट्टी लावून पिशवी बंद केली असती. लस ऐकून कोण हात लावतो?

मुरुडला पोचलो तर मांडवामागं, लिंबाच्या सावलीत ते खोकं एकटंच पडलेलं. भोवती विटांचं रिंगण. गाडीतल्या आईस्क्रीमला कुणी शिवलं नव्हतं; सगळं वितळून गाडीखाली पिवळं तळं झालेलं. अमरेश माझ्यावर धावून आला. “गुरुजी, व्याही विचारायलेत, मांडवात पिसाळलेलं कोण हाय म्हणून!”

मी त्याला हात जोडले आणि खोक्यापाशी बसलो. सहा पिशव्या शाबूत. सातवीचा कोपरा कापलेला, कागद ओला. कागदावर माझ्याच हातची पेन्सिल: शिरूर अनंतपाळ.

सरांनी कागद सोडवून पहिलं पान उघडलं. पानाला दव सुटलेलं. ‘ग्यानो’ जसंच्या तसं होतं. ‘बा’चा काळा ढग झाला होता.

पान वाळायला चार दिवस गेले. त्या चार दिवसांत मी तीन गोष्टी रचल्या. एकीत तो डाग आधीपासूनच होता, दुसरीत पूर आला होता, तिसरी तर इतकी झकास होती की सांगताना मलाच रडू आलं असतं. तिन्ही घेऊन शिरूरला गेलो.

बाईंनी पुस्तक उघडलं. बोट ढगापाशी थांबलं. मी तोंड उघडलं आणि, काय झालं कळत नाही, लसीसकट सगळं खरं बाहेर पडलं.

बाई हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत, तेच जड गेलं. पुस्तक पदरात गुंडाळून म्हणाल्या, “आता हे कुठं जायचं न्हाई. तुमच्या कपाटात न्हाई आन् बर्फात तर न्हाईच. फोटो पायजेत तर कॅमेरा हितं आणा. पानं मी उलटीन.”

पुढच्या रविवारी सर कॅमेरा घेऊन आले. मी दिवा धरून पुस्तकावर वाकून उभा राहिलो. बाईंनी पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानापाशी हात थांबवून माझ्याकडं पाहिलं.

“गुरुजी, श्वास तिकडं सोडा.”