वारा चाळीसच्या आत

नातीचे पुढचे दोन दात पडले त्या वर्षी आम्हाला टीव्हीचं स्वातंत्र्य मिळालं. आधी सगळे चॅनल एका गठ्ठ्यात यायचे. आता सुटे मिळणार होते.

"काका, दोनशे चॅनल उगाच गळ्यात कशाला?" केबलवाला सोफ्यावर ऐसपैस बसून म्हणाला. "जे बघता तेवढ्याचेच पैसे. एकेक निवडायचं."

"आणि नाही निवडलं ते?" आमच्या हिने विचारलं.

"ते दिसणार नाही. एकदम सोपं."

कोणी सोपं म्हटलं की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. यादी चौदा पानांची होती. अक्षरओळख मला चाळिशीनंतर झाली, तेव्हापासून घरात कागद आला की तो माझ्याकडे सरकवतात. हौस आहे, वाचू दे बापडा. मी दोन दिवस यादी वाचली आणि रविवारी जेवणं झाल्यावर सभा भरली.

मुलाने खेळाचे चार चॅनल मागितले. एकावर मॅच हरली तर दुसरीकडे जिंकत असेल, असा काहीतरी त्याचा हिशेब असावा. सुनेने मालिकांचे तीन घेतले. ही म्हणाली, मला काही नको, आणि त्या तिन्हींची नावं सुनेच्या आधी घडाघडा सांगितली. नातीने कार्टून घेतलं, मी कुस्ती. मग प्रत्येकाने दुसऱ्याचा चॅनल कसा बिनकामाचा आहे ते पटवून दिलं. इतकी वर्षं एका छताखाली राहून जे बोलायचं राहिलं होतं, ते सगळं त्या दुपारी चॅनलच्या निमित्ताने उरकून घेतलं.

कोपऱ्यातल्या खुर्चीत दादा बसला होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. जन्मभर बंदरावर क्रेन चालवली, वहिनी गेल्यावर आमच्याकडे राहायला आला. मुलगा एकुलता एक, तोही दूरदेशी क्रेनवरच.

"दादा, तुला काय लावायचं?"

"मला? काही नको. तुमचं होऊ दे."

ताट वाढलं तरी 'कशाला एवढं' म्हणणारा माणूस. पण पैसे वाचत होते, म्हणून आम्ही नेमका त्याच वेळी त्याचा शब्द खरा मानला.

पहिल्या तारखेला सकाळी दादा रोजच्यासारखा टीव्हीसमोर बसला. आठशे सतरा नंबर लावला. निळा पडदा आला.

"हे काय लिहिलंय रे?" त्याने विचारलं. त्याची अक्षरओळख राहूनच गेली होती. आकडे मात्र पक्के.

मी वाचलं. "लिहिलंय की हा चॅनल तुमचा नाही."

"असं होय," म्हणाला आणि निळ्या पडद्याकडेच बघत बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्याने चहा तसाच ठेवला, तेव्हा मी खुर्ची ओढून शेजारी बसलो.

"काय होतं रे त्यावर?"

"वारा."

आठशे सतरावर परक्या भाषेतलं हवामान लागायचं. आम्ही समजायचो, म्हाताऱ्याला नकाशा आवडतो. दादा त्या नकाशात वरून तिसरं गाव बघायचा. नाव वाचता येत नव्हतं, जागा ठाऊक होती. गावापुढे वाऱ्याचा आकडा.

"चाळीसच्या आत असला की पोरगा वर. चाळीसच्या पुढे गेला की क्रेन बंद, म्हणजे पोरगा खाली. अडतीस-एकोणचाळीस असला की जेवण जात नाही बघ. साहेब लोक तेवढ्यावर काम थांबवत नाहीत."

मी केबलवाल्याला फोन लावला.

"तो सुटा नाही मिळत, काका."

"सगळं सुटं म्हणालास ना?"

"सगळं सुटंच आहे. फक्त तो गठ्ठ्यात आहे. त्या भाषेचे अकरा चॅनल एकदम घ्यावे लागतील."

एका आकड्यासाठी अकरा चॅनल! मी कुस्ती सोडली. मुलाने कुरकुरत खेळाचे दोन सोडले. सुनेने एक सोडला, तर हिनेच तोंड पाडलं. आता आमच्या घरात परक्या भाषेत स्वयंपाक, बातम्या आणि भजनं दिसू लागली. कोणाला ओ की ठो कळत नव्हतं. तरी पैसे भरलेत म्हणून सगळे बघत होते.

महिनाभराने पुतण्याचा फोन आला. दादा आंघोळीला गेला होता. मी कौतुकाने सगळं सांगितलं.

"काका, मी क्रेन सोडून दोन वर्षं झाली. मणका गेला. गोदामात बसतो, गावही वेगळंय. बाबांना बोलू नका, जिवाला लावून घेतील."

फोन ठेवला, तर दादा दारात उभा, पंच्याने डोकं पुसत.

"गोदामाचं सांगितलं ना त्याने?"

"तुला ठाऊक होतं?"

"फोनवर त्याच्या मागे वारा ऐकू येईना, तेव्हाच कळलं. त्याला सांगू नकोस, त्याला वाटतं मला माहीत नाही."

"अरे, मग अकरा चॅनल घ्यायला लावलेस कशाला?"

"मी कुठे मागितले? तूच घेतलेस," दादा म्हणाला आणि आठशे सतरा लावलं. "आणि त्याच्या जागी वर कोणीतरी चढतच असेल ना. सरक, आकडा दिसू दे."

मी सरकलो. पुढे रोज सकाळी आम्ही दोघं मिळून एका अनोळखी पोराची काळजी करत बसायचो, तीही अकरा चॅनलचे पैसे भरून.

दादा त्याच वर्षी वारला, डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेआठच्या सुमारास. नातीचे नवे दात अर्धे आले होते. वारा अठरा होता.