सावंतचं हेल्मेट

मी एक जुनं हेल्मेट आहे. रंग काळा, उजव्या कानशिलावर तडा, आतला स्पंज विटलेला. मित्रांनो, इतर वस्तू आपल्या सुखाच्या दिवसांबद्दल सांगतात. माझ्या आयुष्यात मुख्यतः मार होता. तक्रार नाही. मला घडवलंच त्यासाठी.

कारखान्यात माझ्याच साच्यातल्या एकावर लोखंडी गोळा टाकून पाहिला. ते हेल्मेट फुटलं नाही, म्हणून आम्ही सगळे पास झालो. मग पनवेलच्या दुकानातून मला विनायकरावांनी घेतलं. हे कुटुंब साताऱ्याहून नुकतंच आलेलं. विनायकराव जासईच्या एका कंटेनर यार्डात ऑफिसात होते. स्कूटरवर मी बहुतेक त्यांच्या कोपरात लटकलेला असायचो. पोलीस दिसला की डोक्यावर. एका सकाळी नशिबानं चौकात पोलीस होता. पुढच्याच वळणावर ट्रेलरनं आम्हाला उडवलं. त्यांचं डोकं माझ्यासकट दुभाजकावर आपटलं. तडा मला गेला. ते उठून बसले आणि आधी चप्पल शोधू लागले.

घरी शोभाताईंनी मला हळदकुंकू वाहिलं आणि बाल्कनीतल्या कपाटावर टाकलं. दुसऱ्या दिवशी नवं हेल्मेट आलं. कौतुक संपलं.

तिथं मी त्यांच्या मितालीला सापडलो. वय आठ. शाळा नवी, सोसायटी नवी, खेळायला कोणी घेत नव्हतं. फ्लॅट जुन्या मालकाकडून घेतलेला आणि दारावरची 'सावंत' ही पाटी काढायची राहून गेलेली. मितालीनं ठरवलं की सावंत अजून घरातच आहे. शोधता शोधता तो तिला माझ्या आत मिळाला.

"कोणाशी बोलतेस गं?" शोभाताई स्वयंपाकघरातून विचारायच्या.

"सावंतशी."

"त्याला विचार, जाताना गिझर का बिघडवून गेलास?"

मिताली मनापासून विचारायची. मग ओरडून सांगायची, "तो म्हणतो, मी गेलोच नाही!"

डिसेंबरात खाली पोरांची गडबड सुरू झाली. म्होरकी अल्फिया, वय अकरा, वडील दोहाला, आवाज मात्र तिथपर्यंत पोचणारा. पोरं दरवर्षीप्रमाणे 'ओल्ड मॅन' करत होती. जुन्या पँट-शर्टात गवत भरायचं, त्या म्हाताऱ्याला गेटजवळ खुर्चीवर बसवायचं, आणि एकतीस तारखेला आधी बडवायचा, मग जाळायचा. साताऱ्याकडच्या मितालीला यातलं फक्त खुर्चीपर्यंतचं दिसलं.

"ए सातारा, तुझ्याकडे मुंडी आहे का?" अल्फियानं विचारलं. "मागच्या वर्षीचा माठ फुटला."

मिताली धावत वर गेली आणि मला घेऊन आली. सावंतला अखेर हातपाय मिळणार होते.

ते दिवस चांगले गेले. पोरं येता-जाता "सावंत अंकल, सलाम!" करायची. मिताली शेजारच्या खुर्चीवर बसायची. आता तिला कोणी 'ए सातारा' म्हणत नव्हतं.

एकतीसच्या संध्याकाळी काठ्या निघाल्या. चेअरमन प्रभाकररावांनी परवानगी दिली होती. "अंधार पडायच्या आत मारा, जाळा आणि झाडून घ्या."

"पहिला फटका तुझा," अल्फिया मितालीला म्हणाली. "मुंडी तुझी ना!"

"त्याला का मारायचं?"

"ओल्ड मॅन आहे. साल खतम, तो खतम."

"तो सावंत आहे."

"मग घे तुझी मुंडी आणि जा वर."

मितालीनं वर बाल्कनीकडे पाहिलं. तिथं ती आणि मी एवढेच असणार होतो. तिनं मला धडावरून उपटलं. पोरांना वाटलं, ही चालली. तिनं मला स्वतःच्या डोक्यावर घातलं आणि पट्टा लावला.

"मारा."

"पागल झाली काय?" अल्फिया म्हणाली.

पोरांतल्या सत्यजीतला विज्ञानाची आवड होती. त्यानं स्टंपनं हळूच टोला दिला.

"लागलं?"

"नाही. जोरात मार."

त्यानं जोरात मारलं. मिताली खदखदून हसली. "आत देवळासारखं वाजतं!"

"मला दे, मला!" अल्फिया ओरडली.

मग रांगच लागली. स्टंप झाला, बॅट झाली, पाण्याचा पाईप झाला. जो घालायचा तो मार खायचा, जो मार खायचा तो हसत पुढच्याला मारायचा. म्हातारा मुंडीवाचून खुर्चीत बसून होता, त्याला कोणी विचारत नव्हतं. बाल्कनीतून शोभाताईंनी पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला. पोरीला एकदाचे मित्र मिळाले.

मी मात्र एक गोष्ट मोजत होतो. प्रत्येक फटक्याबरोबर माझ्या आतली जागा कुणाच्या ना कुणाच्या डोक्यानं भरत होती. सावंत कुठं राहणार?

अल्फियाचा नंबर आला तेव्हा बॅट बसली आणि तड्यातून माझे दोन तुकडे झाले. तिच्या कपाळावर टेंगूळ आलं. ती रडली नाही. तुकडे पाहून तिचा चेहरा मात्र पडला.

"सॉरी हां. आता सावंत अंकल कुठे राहणार?"

मितालीनं माझ्याकडे पाहिलं.

"सावंत कोणी नव्हताच," ती म्हणाली. "चल, आमच्याकडे बर्फ आहे."

दोघी हात धरून जिना चढल्या. मितालीचं ते वाक्य माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा फटका. पण जिच्यासाठी तो खाल्ला, तिच्या डोक्याला खरचटलंसुद्धा नाही.

मित्रांनो, एकदा मार खाल्लेलं हेल्मेट पुन्हा कुणाच्या डोक्यावर घालू नका. त्याचं काम झालेलं असतं. खुशाल टाकून द्या. टाकताना फक्त घरातल्या लहान मुलाला विचारून घ्या, आत कोणी राहतं का.