वकीलसाहेबांनी थोपटलेलं विमान

मित्रांनो, तसा मी पाण्याची जुनी टाकीच. पण गावात मला टाकी कुणी म्हणत नाही. पंजाबात जालंधरकडे परदेशी गेलेले लोक छतावरच्या टाकीला हौसेनं आकार देतात, कुठे फुटबॉल दिसतो, कुठे ट्रॅक्टर. मी विमान आहे. करनैल मिस्त्रीनं जाळी वाकवून, सिमेंट थापून मला घडवलं आणि पंखांना निळा रंग दिला. मालक मोहिंदरसिंग कॅनडात लाकडाच्या गिरणीत राबले, त्यातून हे घर उभं राहिलं. ते वारले आणि घर त्यांच्या बायकोच्या, बलबीर कौर म्हणजे आमच्या बीबीजींच्या नावावर झालं.

बीबीजी दर हिवाळ्यात कॅनडाहून यायच्या. घराचा कर, भाडेकरू, इकडच्या घराचा तिकडच्या सरकारला द्यायचा हिशेब, सगळं वकील गुरशरण ढिल्लों बघायचे. प्रत्येक सहीला कॅनडाहून यायला नको म्हणून बीबीजींनी त्यांना कुलमुखत्यारपत्र दिलं होतं. म्हणजे त्यांच्या नावानं घराचं काहीही करायची मुभा! वकीलसाहेब छतावर उन्हात बसून मुळ्याचे पराठे हाणायचे, माझा पंख थोपटायचे. "बीबीजी, हे विमान माझंही बरं का!" मी खुळा, फुशारून जायचो.

गेल्या माघात बीबीजी म्हणाल्या, "वकीलसाहेब, आता मी कायमची इथं राहायला येतेय. ते कुलमुखत्यारपत्र रद्द कर म्हणतो मुलगा. त्यासाठी दुसरा वकील बघ म्हणतो."

"मग बघा की."

"अहो, तुम्ही असताना दुसऱ्याच्या दारात जाऊ? तुम्हाला काय वाटेल? तुम्हीच करून टाका."

"झालंच समजा. लोणी वाढा जरा."

बीबीजींनी वाढलं.

त्या सामान आणायला कॅनडाला गेल्या. रद्दबिद्द काही झालं नाही. त्याच कागदावर वकीलसाहेबांनी घर स्वतःच्या साडूला विकून टाकलं. साडू छतावर आला, मला बघून म्हणाला, "हे धूड पाडू या."

"पाड की," वकीलसाहेब म्हणाले. "नाहीतरी गळतंय."

खोटं! साफ खोटं! इतक्या वर्षांत मी एक थेंब गळू दिलेला नाही. त्याच माणसानं थोपटलं होतं ना मला?

काल बीबीजी आल्या. फाटकाला नवं कुलूप, आत साडूचा माणूस. "घर विकलं गेलंय, माताजी," तो म्हणाला. बीबीजींना ऐकू कमी येतं, म्हणून फोनवरचा आवाज वर माझ्यापर्यंत पोचला.

"वकीलसाहेब, माझं घर?"

"अजिबात काळजी करू नका, बीबीजी. विक्रीवरचा कर तुमच्या नावानं वेळेवर भरलाय. कुठूनही नोटीस यायची नाही."

"मेहरबानी," बीबीजी सवयीनं म्हणाल्या. मग पेटीवर बसल्या आणि रडायला लागल्या.

मित्रांनो, मला उद्या फोडतील, फोडू देत. पण एवढं ऐका. ज्याच्या हातातून अधिकार काढून घ्यायचा आहे, त्यालाच ते काम सांगू नका. त्याला वाईट वाटेल म्हणून तर मुळीच नाही.